कोटोरच्या चौकात तिच्याजवळ कोण बसलं होतं

या ग्रुपवर तुम्ही लोक भुताखेताचे जे अनुभव लिहिता ते मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचतो आणि खाली हसरं तोंड टाकून मोकळा होतो. एका बाईंनी त्यांचे गेलेले वडील दिसले असं लिहिलं होतं, त्यांना तर मी "डोळे तपासून घ्या" असं लिहिलं. त्या बाई हे वाचत असतील तर... चुकलं माझं. आधी एवढं लिहितो, मग पुढचं.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण वडिलांनी हातात रंधा दिला आणि शाळा तिथेच राहिली. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, त्या काढत बसू नका. सून म्हणाली, "बाबा, मी टाईप करून देते." नको म्हटलं. एक तर मला कोणाची मदत लागत नाही, आणि दुसरं — हे तिला अजून माहीत नाही.

मी सुतार. कुवेतला आलो तेव्हा मिशी काळी होती, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. अम्गराला, जिथे लाकडाच्या वखारी आणि भंगाराची गोदामं आहेत, तिथे आमचं वर्कशॉप. दरवाजे करतो. कुवेती लोकांच्या घरात पाहुण्यांची मोठी बैठक असते, दिवाणिया म्हणतात, तिचे नक्षीचे दरवाजे आजही माझ्या हातचे मागतात. साठी ओलांडलेल्या, न शिकलेल्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू होणं इथे सोपं नाही, पण माझा कफील, म्हणजे इथला मालक, दरवर्षी स्वतः जाऊन कागद करून आणतो. म्हणतो, तू गेलास तर शटर खाली. हे मी बढाई म्हणून नाही लिहीत... बरं, थोडी बढाई म्हणूनच लिहितोय.

भुताखेतावर माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या मागच्या गोदामात कोणीतरी चालतं म्हणून पोरं संध्याकाळी तिकडे जात नाहीत. मी दुपारी तिथेच चटई टाकून झोपतो. गार असतं.

आता घरचं. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या अलीकडे. लग्न झालं आणि वर्षभरात मी इकडे आलो. बायको गावीच. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, परत विमान. मुलगा महेश तिनेच वाढवला, शिकवला, सासूसासऱ्यांचं तिनेच केलं. महेश पुढे अकाउंट्समध्ये नोकरी लागून कुवेतलाच आला, त्याने खटपट करून आईला आणली. तो आणि त्याची बायको स्वप्ना सबाह अल-सालेमला राहतात, आम्ही दोघं फरवानियात. "आमच्याकडे या" म्हणतात. मी जात नाही. फरवानियात खाली उतरलं की मासळी, बकाला म्हणजे किराणा, बस, सगळं आहे.

मागच्या वर्षी महेश म्हणाला, "बाबा, आईने आयुष्यात काही बघितलं नाही. आपण चौघं क्रूझला जाऊ." विमानाने युरोपात जायचं, तिथून बोट, रोज एक जुनं गाव दाखवतात. एड्रियाटिक म्हणून समुद्र आहे तिकडे. मी म्हटलं, समुद्र वेंगुर्ल्यालाही आहे. पण गेलो.

पहिल्या गावी, डुब्रोव्निकला, बोटीच्या टूरने उतरलो. उतरताना एका पोरीने माझ्या छातीवर नंबरचा स्टिकर लावला. पुढे झेंडा घेऊन ती, मागून आम्ही सगळे. पायऱ्या आल्या की तिने माझं कोपर धरलं, लहान मुलाला धरतात तसं. एकदा सोडवलं, दोनदा सोडवलं, ती हसायची आणि परत धरायची. संध्याकाळी मी सांगून टाकलं — उद्यापासून मी नंबर लावून फिरणार नाही. कुवेतला नवा होतो तेव्हा कंपनीचा नंबर लावून फिरलो तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी कोटोर. मॉन्टेनेग्रो देशात आहे. समुद्र डोंगरांच्या आत शिरून खाडीसारखा झालाय, आणि डोंगराच्या पायथ्याला दगडी तटाच्या आत ते जुनं गाव. बोट अगदी समोर लागते, रस्ता ओलांडला की गावाचा दरवाजा. महेशने चौघांचं बसचं बुकिंग केलेलं, वर डोंगरात नेणार होते.

"आम्ही दोघं आमचे आमचे फिरू," मी म्हटलं.

"बाबा, तिथली भाषा येत नाही तुम्हाला."

"कुवेतला उतरलो तेव्हा कुठली येत होती?"

"निदान आईला आमच्याबरोबर पाठवा. तिचे गुडघे —"

"ती माझ्याबरोबर येईल."

ती तिथेच उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

गाव तसं चांगलं. वाटा सगळ्या दगडी लादीच्या, माणसांच्या पायांनी घासून आरशासारख्या गुळगुळीत. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. प्रत्येक गल्ली एका चौकात निघते, चौकात चर्च, चर्चपुढे मांजरं. खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा. मी झडपा बघत पुढे, ती मागे. आमचं चालणं नेहमी असंच. मी पुढे, ती दहा पावलं मागे.

एका छोट्या चौकात मागून आवाज आला, "ओ, जरा थांबा."

तिच्या सॅंडलचा पट्टा तुटला होता. महेशने नवीन घेऊन दिलेली सॅंडल. ती तिथल्या कॉफीच्या दुकानाबाहेर दगडी बाकावर बसली आणि पाय चोळू लागली.

"सांगलेलंय तुका, बूट घाल म्हणान," मी म्हटलं. "ऐकतंस काय?"

"बुटात पाय जायनत नाय ओ. सुजलेत."

"मगे घराक बसाचा होता."

ती पाय चोळत राहिली. आणि तेव्हाच मला तो आवाज आला. रंध्याचा. लाकडावर लांब, एका दमात ओढलेला रंधा, आणि शेवटी ढलपी गळून पडताना होतो तो बारीकसा आवाज. हाताचा रंधा, मशीन नाही. आता हातरंधा कोण मारतो? अम्गरात मी एकटा. मला राहवेना. बाजूच्याच गल्लीतून येत होता.

"हंयच बस. हलू नको. येतंय मी," असं म्हणून मी निघालो. दोरा माझ्या खिशात होता — आखणीचा दोरा मी कायम बाळगतो. पट्टा बांधून द्यायला किती वेळ लागला असता? सुचलं होतं मला. न सुचल्यासारखं नाही लिहिणार. म्हटलं, आल्यावर बघू.

गल्लीत शिरलो, तर आवाज पुढच्या गल्लीत. तिकडे वळलो, तर भिंतीपलीकडे. एक बंद दरवाजा, त्याच्यावर लोखंडी कडी, वर दगडात कोरलेला सिंह. पुढे गेलो, डावीकडे वळलो... परत तोच दरवाजा, तोच सिंह. म्हटलं ठीक आहे, उलट जाऊ. उलट गेलो. पायऱ्या, कमान, एक काळं मांजर, वळण — आणि सिंह. रंधा मात्र चालूच. कधी उजव्या अंगाला, कधी पाठीमागे.

आमच्याकडे याला चकवा म्हणतात. रानात लागतो, माणूस एकाच जागी फिरत राहतो. पण ते रान. हे भरदिवसाचं गाव, आणि गाव तरी केवढं, या तटापासून त्या तटापर्यंत जायला एक विडी पुरी होणार नाही. मी फोन काढला. बोटीवर चालणारा फोन, इथे मुका. एका माणसाला थांबवून "कनीसा, कनीसा" म्हटलं, अरबीत चर्चला म्हणतात. त्याला समजलं असावं, कारण त्याने चार दिशांना हात केले. चर्च चारही बाजूंना होती. दुसऱ्या कोणाला विचारायचं मनात आलं, पण समोरून झेंडा घेतलेली पोरगी आणि मागे नंबर लावलेली माणसं आली, आणि मी भिंतीकडे तोंड करून झडप बघत असल्यासारखा उभा राहिलो. खोटं कशाला लिहू. त्या वेळीही मला हरवल्यापेक्षा दिसण्याची लाज जास्त वाटत होती.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. माझा शर्ट भिजला. नंतर नंतर मी रंधा शोधतच नव्हतो, चौक शोधत होतो. तिच्याकडे पैसे नाहीत, पाण्याची बाटली माझ्या हातात, पायात धड चप्पल नाही. आणि बोट सुटायची वेळ येत चाललेली. सिंहाच्या दरवाजासमोर परत आलो. तिथेच पायरीवर बसलो.

बसलो तसा रंधा थांबला.

उठलो, समोरचंच वळण घेतलं, आणि समोर चौक. तोच. ती बाकावर, जशी सोडली होती तशी.

मी आता बोलणी खायची तयारी करत होतो. ती वर बघून हसली आणि म्हणाली, "चला आता, बोट जायत. किती बसाचा?"

मला वाटलं टोमणा मारतेय. हक्क होता तिचा. तिच्या बाजूला कॉफीचे दोन कप होते, दोन्ही रिकामे. म्हटलं कोणी पर्यटक उठून गेला असेल. कॉफीवाली बाई दारात आली, माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि हात हलवला. मीही हलवला. घाईत होतो.

बोटीच्या जिन्याशी महेश वाट बघत उभा. "बाबा, रस्ता सापडला ना? काही त्रास?"

"न सापडायला काय झालं? चौकात बसलो दोघं. कॉफी प्यायलो."

मी असं म्हटलं. माझ्या तोंडाने. कप बघितले होते म्हणून कॉफी तोंडात आली. बायको बाजूला उभी होती. तिने मान हलवली आणि पुढे चालू लागली. चालताना पट्टा बांधलेला दिसला. तिनेच बांधला असणार, म्हटलं.

कुवेतला परत आलो. मी अम्गराला, ती घरात. पण काहीतरी बदललं होतं. सकाळी डबा भरताना गुणगुणायची. संध्याकाळी मी आलो की चहा घेऊन समोर बसायची. पूर्वी ठेवून आत जायची. माझ्या पानात बांगड्याचा मधला तुकडा येऊ लागला. मी म्हटलं, हवापालट मानवली.

मग एक दिवस जिन्यात खालच्या मजल्यावरच्या परब वहिनी भेटल्या. आमच्याच बाजूच्या, मालवणच्या, मुलीसारख्या.

"काका, चाललात म्हणे कायमचे? आम्हाला सांगितलं पण नाहीत. काकींनी मला आडाळो दिला हो, इतका सुंदर, मला तर रडूच आलं."

आडाळो म्हणजे नारळ खवायची विळी, पाटासकट. तो मी सागवानाचा केला होता, तिच्यासाठी, ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा. मी तरातरा वर गेलो.

"आडाळो कोणाक दिलंस?"

"परबांच्या सुनेक. गावाक दोन आसत मा."

"गावाक कोण चल्ला?"

ती तांदूळ निवडत होती. हसली. "आता थट्टा करूक लागलास? तुमीच बोल्लास ना."

"कधी?"

"बोटीन गेल्लो तेवा. थंय चौकात. माझ्या वांगडा बसलास तेवा."

मी उभाच होतो. मी म्हणायला हवं होतं की मी बसलो नव्हतो. पण महेशला सांगितलेलं मध्ये आलं. आणि तिचा चेहरा बघून काही विचारायचं धाडस होईना, म्हणून मी चोरासारखं आडून आडून विचारू लागलो. इसरतंय आता, म्हटलं. काय काय बोललंय मी?

तिने सांगितलं. मी गेलो आणि दोन मिनिटांत परत आलो. खिशातून दोरा काढला, तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला, लोक बघत होते, तिला लाज वाटली, पण मी सोडला नाही. पट्टा बांधला. मग गुडघे दाबले. दोन कॉफ्या मागवल्या, तिला कडू लागली तर तिच्या कपात साखर ढवळून दिली.

"आणि नावान हाक मारलास," ती म्हणाली आणि तांदळाकडे बघायला लागली.

"खंयच्या नावान?"

"शेवंती म्हणान."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहायचं. मी सुनंदा लिहिलं होतं, नं वाकडा झाला होता, सगळे हसले होते. त्या दिवसापासून ती सुनंदा. शेवंती तिच्या माहेरी राहिली, आणि माहेरचं आता कोणी उरलं नाही. महेशला ते नाव माहीत नाही, सुनेला नाही. आणि मी? मी तिला सुनंदासुद्धा म्हणत नाही. "गो" म्हणतो. आमच्या वयाचे सगळे तेच म्हणतात.

खरं सांगतो, पहिली माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बायकोचा पाय दुसऱ्या कोणी मांडीवर घेतला. मग ते नाव आठवलं आणि तिडीक उतरली.

"आणि गावाचा काय बोललंय?"

"'शेवंती, खूप वरसां तुका एकटी ठेवलंय. आता ठेवचंय नाय. काम बस झाला. घराक जावया.'" तिने एकही शब्द अडखळला नाही. पाठ केल्यासारखं. मग सुपातून मान वर केली. "खरा ना ता? का नुसता आपला बोललास?"

गोदामात ज्याला भीती वाटत नाही तो मी, त्या बाईच्या डोळ्यात बघू शकलो नाही.

"होय," मी म्हटलं. "बोललंय."

रात्र न घालवता त्याच संध्याकाळी, ती दुकानात गेली तेव्हा, मी कपाटातून सॅंडल काढली. पांढरा आखणीचा दोरा, त्याच्यावर लाल रंगाचे डाग, जसे माझ्या दोऱ्यावर असतात. आणि गाठ... परांची बांधताना माझे वडील मारायचे ती गाठ. मी डावखुरा, त्यामुळे माझ्या गाठीचा पीळ उलटा बसतो. अम्गरातली पोरं बांधलेली फळी बघून सांगतात, ही मिस्त्रीची. त्या सॅंडलवरचा पीळ उलटा होता. ती गाठ माझी होती. मी ती मारलेली नव्हती.

मी कारणं शोधली. मी अडाणी असलो तरी मूर्ख नाही. महेश आला असेल का? ते दोघं बसने डोंगरात होते, तिथले फोटो मला अजून दाखवतात. उन्हाने तिला झापड आली आणि स्वप्न पडलं? मग कप? ती कॉफीवाली मला बघून ओळखीचं का हसली? बायकोने रचून सांगितलं? तिला गाठ येत नाही, आणि पैसे माझ्या खिशात होते. प्रत्येक कारण थोडं चालतं आणि मग त्या सिंहाच्या दरवाजासारखं परत तिथेच आणून सोडतं.

पण खरं सांगू का, ते कोण होतं याची मला तेव्हा फार पडली नव्हती. मला खात होतं ते वेगळं. महेशचा फोन आला, "बाबा, तुम्ही स्वतःहून ठरवलंत, आई इतकी खुश आहे... मला वाटलं नव्हतं तुम्ही कधी सोडाल." मी म्हटलं, हं. सुनेने केक आणला. परब वहिनी म्हणाल्या, काकांसारखं मन पाहिजे. मी सगळं घेत गेलो. चहा घेतला, बांगड्याचा मधला तुकडा घेतला, ती शेजारी बसते ते घेतलं. दुसऱ्याने केलेल्या दरवाजावर आपलं नाव घातल्यासारखं वाटायचं. माझ्या धंद्यात असं करणाऱ्याला आम्ही दारात उभा करत नाही.

आणि एवढं करून मी कफीलला काही सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन अम्गराला जायचो. नवीन ऑर्डरी घेत होतो. ती काही विचारत नव्हती. भांडी कमी कमी होत होती घरातली.

शेवटी एका शुक्रवारी सकाळी बोललो. बाहेर धूळ उठली होती, खिडक्या बंद, एसीचा आवाज. ती सुंगटं सोलत बसलेली, म्हणजे कोलंबी. मी समोर पाटावर बसलो.

"गो, ऐक. त्या दिवशी मी तुझ्याकडे नव्हतंय."

ती सोलत राहिली.

"मी वाट चुकलंय. चकवो लागलो माका. बोट सुटायच्या वेळेक इलंय मी. महेशाक खोटा सांगलंय." एवढं बोलायला मला जो जोर लागला तो मी आयुष्यात कुठलं लाकूड उचलताना लावला नसेल. "तुझ्याकडे कोण बसलो होतो माका ठावक नाय. पण तो मी नव्हतंय."

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

"काय?"

"तो तुमी नाय ता. माका थंयच कळला."

"कसा कळला?"

"तुमी माझ्याकडे बघून कधी बोलनास नाय. तो बघत होतो." तिने एक सुंगट भांड्यात टाकलं. "तोंड तुमचाच. हात तुमचेच, करवतीन कापलेला बोट सुद्धा. पण बघत होतो."

"मगे ओरडलंस कित्याक नाय? भिती नाय वाटली?"

"वाटली. थोडी. मगे बरा वाटला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "मगे माका कित्याक विचारलंस, खरा ना म्हणान? तुका ठावक होता तर?"

आता तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तो बोललो आणि गेलो. त्येच्या बोलण्याचा मी काय करू? माका तुमच्याकडना आयकूचा होता. विचारलंय, तुमी होय बोल्लास. ता तरी तुमीच बोल्लास मा? का तोव दुसरोच कोण होतो?"

एसी चालू होता. खाली बस थांबल्याचा आवाज आला.

"ता मीच," मी म्हटलं.

"मगे झाला," म्हणाली आणि कालवणाला नारळ काढायला उठली.

दुसऱ्या दिवशी कफीलला सांगितलं. म्हातारा वर्कशॉपची किल्ली माझ्याकडून न घेता म्हणाला, शेवटच्या दिवशी दे. अवजारं अजून भिंतीवर आहेत. तिकिटं महेशने काढलीत. या महिन्यानंतर मी कुवेतचा नाही.

ते काय होतं, मला सांगता येत नाही. देव म्हणावं तर देव माझी गाठ कशाला मारेल? भूत म्हणावं तर भुताने तिचे गुडघे दाबले असते का? चकवा वाट चुकवतो हे ऐकलंय, पण एकाला फिरवायचं आणि दुसऱ्याजवळ त्याचंच रूप घेऊन बसायचं, असा चकवा आमच्या गावात कोणी ऐकलेला नाही. जुन्या लोकांना फोन करून विचारलं. "विचारणारो कोण, तू?" म्हणून हसले.

परवा मी तिला विचारलं, सरळ विचारलं, "तो परत इलो तर? गावाक?"

"इलो तर येवंदे. तेका पण चाय दितलंय, तुमका पण."

ती हसली. मला हसू आलं नाही. तेव्हापासून घरात मी तिच्या बाजूलाच बसतो, आणि पाणी प्यायला उठायचं झालं तरी तिला सांगून उठतो. मी उठल्यावर ती जागा कोण घेईल, याचा मला भरवसा राहिलेला नाही.